बसून खाणारी केबल

शिरोलीच्या फौंड्रीत रात्री पावणेबाराला
काट्यावर नऊ ट्रक उभे, आणि पावती निघेना.
मी स्विचच्या पेटीचं दार उघडलं.
वाळूची काळी पूड बोटांना लागली.
आतले चोवीसच्या चोवीस दिवे
एका दमात उघडमीट करत होते,
ताप चढलेल्या पोराच्या पापण्यांसारखे.

एवढ्या रात्री एवढं काम कुणाचंच नसतं.
हे काम नव्हतंच.
एक हाक होती: काट्याचा प्रिंटर कोण?
साडेनऊला कुणीतरी एकदाच मारलेली.
एका दारानं गेली, दुसऱ्या दारानं परत आली,
दोन होऊन गेली, चार होऊन आली.

आपल्याकडे बातम्यासुद्धा म्हाताऱ्या होतात.
गंगावेशीत उठलेली रंकाळ्याला वळसा घालून येईतो
निम्मी दमते,
आणि उरलेलीला आठवत नाही ती कुणाबद्दल होती.
या हाकेला वयच दिलेलं नाही.

स्टोअरात सापडलं.
काटाघरातून इथवर गेल्या वर्षी ओढलेली दुसरी केबल,
कधी लागली तर म्हणून, टोक मोकळं सोडलेली.
ते टोक आता स्विचच्या नवव्या भोकात.
बाबासो चौगले हात पुसत म्हणाले,
"लोंबत हुती वो. बरं दिसंना. खोचून ठेवली."
नीटनेटक्या माणसावर रागवायचं कसं?
मी ती उपसली.
दिवे एकेक करून आपापल्या लयीत आले.
काट्यावर प्रिंटर करकरला, कुणीतरी हॉर्न दिला.

दोष बाबासोंचा नव्हता, केबलचाही नव्हता.
आधीच्या कुणी घाईच्या माणसानं
सावधगिरीच बंद करून ठेवली होती.
ती मी चालू केली, केबल परत खोचली,
आणि स्विचांनी आपसात निवडणूक घेतली.
जेवणावळी नाहीत, पॅनेल नाही,
सहलीला नेऊन दडवलेले मतदार नाहीत.
ज्याचा आकडा लहान, तो बिनविरोध.
निवडून आला काटाघरातला, चौदा वर्षांचा,
डोक्यावर चहाच्या ग्लासांचे गोल डाग.
मी एक आकडा बदलून
मान ऑफिसातल्या नव्याला दिला.
शेवटी मीही याच जिल्ह्यातली.

मग प्रत्येकानं त्याच्यापर्यंतची जवळची वाट मोजली,
आणि जिथे वाट फिरून स्वतःकडेच येत होती
तिथलं एक दार लोटून घेतलं.

मालक सुकुमार मगदूम काटाघरात आले, चष्मा वर केला.
"मॅडम, ही नारिंगी बत्ती कसली?
दोन्ही केबलींचं बिल दिलंय मी. एक बसून खात्या व्हय?"

बसलेली नाही, म्हटलं. ऐकतेय.
दर दोन सेकंदांनी तिकडून एक शब्द येतो: आहे.
आहे.
आहे.
ऐकायचं, पण पुढे काही न्यायचं नाही.
यायचा थांबला, तर वीस मोजायचे,
पंधरा नुसता कानोसा घ्यायचा,
पंधरा कोण कुठे राहतं ते पाठ करायचं,
आणि मगच दार उघडायचं.

त्यांना पटेना.
मी स्टोअरात फोन लावला: बाबासो, ऑफिसकडची केबल उपटा.
"नक्की उपटू?"
उपटा.
"स्क्रीन गोठला मॅडम."
मालकांनी घड्याळ पाहिलं. "गेलं न्हवं आता?"
मी मोजत होते. तिसाला घसा कोरडा पडला.
चाळीसाला भट्टीकडं साखळी वाजली.
पन्नासच्या आसपास नारिंगीचा हिरवा झाला,
आणि फोनवर बाबासो ओरडले, "आलं, आलं!"
मालक म्हणाले, "लय येळ लावला."
पण चहा सांगितला.

निघताना जनरेटरच्या खोलीबाहेर
यासीन मुजावर स्टुलावर बसलेला, कानाला मफलर.
गेल्या सतरा रात्रींत लाइट गेलेली नाही.
आज काम नाही का, मी विचारलं.
"हाय की," तो म्हणाला. "बसलोय."